सर्दीची गोळी, तापाची गोळी आणि खोकल्याचं औषध, सगळं एकत्र घेतलं तर चालतं का?

शेवंती०७

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय त्यामुळे मोठं झालं तर समजून घ्या. घरात एकदमच सगळ्यांना सर्दीखोकला झालाय. मला नाक पूर्ण चोंदलंय, डोकं जड, अंगात कणकण आणि रात्री आडवं झालं की कोरडी ढास लागते ती थांबतच नाही. सासूबाईंनाही नाक गळतंय, त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे आणि रोजच्या गोळ्या चालू आहेत. मुलगा तीन वर्षांचा आहे, त्याला थोडा ताप आणि नाक वाहतंय, खेळतोय पण रात्री किरकिर करतो.

औषधांच्या डब्यात बघितलं तर एक सर्दीची गोळी आहे जिच्यावर सर्दी ताप अंगदुखी असं सगळंच लिहिलंय, एक तापाची ६५० ची गोळी, एक खोकल्याचं सिरप, नाकात मारायचा स्प्रे आणि गरम पाण्यात घालून प्यायची पावडर. मी सगळं मिळून घ्यायच्या बेतात होते कारण त्रास पण सगळा आहे ना, पण सहज स्ट्रिप उलटी करून वाचली तर सर्दीच्या गोळीत आणि तापाच्या गोळीत दोन्हीकडे पॅरासिटामॉलच लिहिलंय, मग थांबले. ही सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात म्हणजे सेफच असणार असं मला वाटायचं. तर कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, हे एकत्र चालतं का, सासूबाईंना माझीच गोळी दिली तर चालेल का आणि मुलाला मोठ्यांची अर्धी गोळी कुटून देतात तसं करू का?

---

मात्रा_नीट

शेवंतीताई, थांबलात ते फार बरं केलंत. मी फार्मसिस्ट आहे, औषधाच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं काढलीत आणि सर्दीच्या सीझनमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

आधी मुलाचं सांगते कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्यांची गोळी अर्धी करून, पाव करून, कुटून, कशीच द्यायची नाही. त्यावर खाली कुणीतरी अनुभवी आई लिहीलच, नाही लिहिलं तर मी परत येते.

आता तुमचं. सर्दीच्या गोळीला आपण एक औषध समजतो पण ती एक नसते, त्या एका गोळीत तीन-चार औषधं एकत्र दाबलेली असतात. साधारण पॅरासिटामॉल असतं ताप आणि अंगदुखीसाठी, क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन असतं नाक गळणं आणि शिंका कमी करायला, आणि फिनाइलेफ्रिन असतं चोंदलेलं नाक मोकळं करायला, कधीकधी वर कॅफिन. गरम पाण्यातल्या पावडरमध्ये पुन्हा बहुतेक हेच. म्हणजे तुमच्या डब्यात पाच वस्तू दिसतायत पण त्यातल्या तिघांत पॅरासिटामॉल असण्याची शक्यता आहे.

हिशोब करून दाखवते. समजा सर्दीच्या गोळीत ५०० मिग्रॅ पॅरासिटामॉल आहे आणि ती दिवसातून तीनदा घेतली तर झाले १५००. ताप उतरत नाही म्हणून ६५० ची गोळी चार वेळा, ते २६००. एकूण ४१००. आणि धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांची शेवटची मर्यादा आहे ४००० मिग्रॅ, म्हणजे पावडर न पिताच तुम्ही रेषेच्या पलीकडे गेलात आणि तुम्हाला वाटतंय की मी तर साध्या गोळ्या घेतल्या. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल, रोज दारू घ्यायची सवय असेल किंवा आजारपणात काही खाल्लंच जात नसेल तर मर्यादा त्याहूनही खाली येते, अशा माणसाने डॉक्टरांना विचारूनच आकडा ठरवायचा.

हे मी इतकं ओरडून का सांगते तर पॅरासिटामॉल मापात घेतलं तर खरंच चांगलं औषध आहे, पण त्याचा थोडा भाग लिव्हरमध्ये गेल्यावर विषारी पदार्थात बदलतो आणि लिव्हर तो ग्लुटाथायोन नावाच्या स्वतःच्या साठ्यातून निकामी करत असतं. डोस जास्त झाला की तो साठा संपतो आणि मग ते विष लिव्हरच्या पेशींवर उलटतं. सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्या दिवशी माणसाला फारसं काही जाणवतच नाही, थोडी मळमळ, थोडी उलटी, ती पण सर्दीतापाचीच वाटते. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो पहिल्या ८ तासांत दिला तर उत्तम काम करतो. म्हणून डोस जास्त गेलाय हे लक्षात आलं की "बघू काही होतंय का" असं म्हणत बसायचं नाही, काहीही त्रास नसला तरी स्ट्रिप बरोबर घेऊन सरळ हॉस्पिटल गाठायचं.

मग करायचं काय, तर बॉक्सवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा आणि मागचं बारीक अक्षरातलं कंपोझिशन वाचा, तुम्ही वाचलंत तसंच. आणि जो त्रास आहे त्याचंच औषध घ्या. अंग दुखतंय कणकण आहे तर नुसतं पॅरासिटामॉल. नाक नळासारखं गळतंय तर ॲलर्जीची एक गोळी. नाक चोंदलंय तर मिठाच्या पाण्याचे ड्रॉप्स आणि फारच अडलं तर स्प्रे. वेगवेगळी घेतली की कुठलं किती गेलं हे आपल्या हातात राहतं, आणि ताप गेल्यावर तापाचं औषध बंद करता येतं, एकत्रवाल्या गोळीत ते येत नाही, ताप नसतानाही पॅरासिटामॉल पोटात जातच राहतं.

चोंदलेल्या नाकासाठी गोळीतलं जे फिनाइलेफ्रिन असतं त्याबद्दल एक सांगून ठेवते. २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तज्ज्ञ समितीने सगळ्यांच्या एकमताने सांगितलं की तोंडाने घेतलेलं फिनाइलेफ्रिन नाक मोकळं करण्यात परिणामकारक नाही, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ते तिथल्या सर्दीच्या औषधांतून काढायचा प्रस्तावही आला. पोटातून जाताना त्याचा बराचसा भाग वाटेतच मोडतो. म्हणजे तुमचं नाक चोंदलंय म्हणून तुम्ही जी गोळी घेताय तिचा नाकाला फारसा उपयोग नाही, पण बीपीच्या माणसाला काळजी मात्र लागून राहते.

यावरून सासूबाई. त्यांना तुमची गोळी देऊ नका ताई. फिनाइलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन ही रक्तवाहिन्या आवळणारी औषधं आहेत, नाकातल्या आवळल्या की नाक मोकळं होतं पण फक्त नाकातल्याच आवळतील असं नाही, बीपी वाढू शकतं, छातीत धडधड होऊ शकते. स्यूडोएफेड्रिनबद्दल तर युरोपच्या औषध संस्थेने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ज्यांचं बीपी खूप जास्त आहे किंवा कंट्रोलमध्ये नाही आणि ज्यांना किडनीचा गंभीर आजार आहे त्यांना ते द्यायचंच नाही. दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन पण नको, बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्यावर आयब्युप्रोफेन पडलं की किडनीवर एकदम ताण येतो. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं, बीपीवाल्यांनी त्या टाळलेल्या बऱ्या. आणि खोकल्याचं सिरप घ्यायची वेळ आलीच तर शुगर-फ्री मागून घ्या, साध्या सिरपमध्ये साखर असते. त्यांच्यासाठी साधं पॅरासिटामॉल मापात आणि मिठाच्या पाण्याचे नाकात ड्रॉप्स, सुरुवात एवढ्यावर करा आणि पुढचं काही द्यायच्या आधी त्यांच्या रोजच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स घेऊन फार्मसिस्टला किंवा त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. नावं सांगू नका, स्ट्रिप्सच न्या, नाव सांगताना नेहमी एखादी राहतेच.

---

दोन_पिल्लांची_आई

मात्राताईंनी लिहिलंय त्यात मुलांचं मी सांगते, आमच्या मुलांच्या डॉक्टर हे इतक्या वेळा समजावतात की पाठ झालंय.

तीन वर्षांच्या मुलाला सर्दीखोकल्याचं तयार औषध स्वतःच्या मनाने द्यायचंच नाही. नाक वाहतं म्हणून नाही, खोकला आहे म्हणून नाही, आणि रात्री झोपावा म्हणून तर अजिबातच नाही. या औषधांचा लहान मुलांना फायदा होतो असं कुठे नीट दिसलेलं नाही आणि त्रास मात्र होऊ शकतो, झटके येणं, हृदयाचे ठोके वाढणं, श्वास मंदावणं इथपर्यंत. अमेरिकेत २००८ मध्ये एफडीएने दोन वर्षांखालच्यांना देऊ नका सांगितलं आणि कंपन्यांनी तर लेबलवर चार वर्षांखाली नको असं छापलं. ब्रिटनमध्ये २००९ पासून सहा वर्षांखाली नको आहे. भारतातही २०२३ च्या डिसेंबरात औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनच्या एकत्र औषधावर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापायला लावलं. तुमचा तीन वर्षांचा म्हणजे तुम्ही यात येताच. ॲस्पिरिनचं तर नावच काढायचं नाही, मुलांना व्हायरल तापात दिलं तर राय सिंड्रोम नावाचा मेंदू आणि लिव्हरचा भयंकर आजार होऊ शकतो.

मग उरतं काय तर तापासाठी मुलांचं पॅरासिटामॉल, आणि ते वयावर नाही तर वजनावर. किलोला १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसांत कमीत कमी ४ ते ६ तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाही. ताप थोडा असेल आणि मूल खेळत असेल तर द्यायलाच पाहिजे असंही नाही, आपण आकड्याला औषध देत नाही, मुलाला बरं वाटावं म्हणून देतो.

आता सगळ्यात मोठा घोळ कुठे होतो ते नीट वाचा. एकाच नावाचं औषध ड्रॉप्समध्ये मिळतं, साध्या सिरपमध्ये मिळतं आणि जास्त पॉवरच्या सिरपमध्ये मिळतं. बऱ्याच ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिग्रॅ असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत साधारण १२५ आणि दुसऱ्यात ५ मिलीत २५०. समजा मूल १४ किलोचं आहे आणि डॉक्टरांनी साध्या सिरपचे ७ मिली सांगितले, तर पोटात जाणार १७५ मिग्रॅ, बरोबर आहे. तेच ७ मिली कुणी ड्रॉप्सच्या बाटलीतून दिले तर जाणार ७०० मिग्रॅ, चौपट. ड्रॉप्स तान्ह्या बाळाचे म्हणजे सौम्य असणार असं लोक धरून चालतात, तर उलट ते जास्त घट्ट असतात कारण बाळाला थोडंच पाजता यावं. म्हणून मिली लक्षात ठेवून उपयोग नाही, बाटलीवर ५ मिलीत किती मिग्रॅ ते दर वेळी वाचायचं, नवीन बाटली आणली की परत वाचायचं.

आणि घरातला चमचा नको, एका चमच्यात चार मिली मावतं दुसऱ्यात सात मावतं. बाटलीबरोबरचं मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या, सिरिंज सगळ्यात छान, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं. सस्पेन्शन, म्हणजे तळाशी साका बसणारं औषध, असेल तर आधी बाटली हलवा नाहीतर खाली साठलेलं औषध शेवटच्या डोसांत जास्त जातं.

खोकल्यासाठी एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध देता येतो, त्याने रात्रीची ढास थोडी कमी होते. एक वर्षाच्या आत मात्र मध अजिबात नाही, चाटवायचा पण नाही, बोट्युलिझम नावाचा, जंतूंच्या विषाने अंग लुळं पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. नाकाला मिठाच्या पाण्याचे ड्रॉप्स. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाफ द्यायला बसवू नका हो, मुलं भाजतात त्यात. छातीला चोळायचं कापूरवालं मलम दोन वर्षांच्या आत नको आणि कुठल्याही वयात नाकपुडीत लावायचं नाही.

अजून एक राहिलं, औषध पाजताना गोड आहे गोड आहे खाऊ आहे असं म्हणू नका. मुलं लक्षात ठेवतात आणि मग बाटली हाताला लागली की स्वतःच पितात. घरात मोठे आजारी असले की स्ट्रिपा उशाशी पडलेल्या असतात, ते दिवस जास्त धोक्याचे.

---

पहाटपाळी

मी रात्रंदिवस पाळीत मशीनवर काम करणारा माणूस, मला दोनच गोष्टी बोलायच्या आहेत.

एक गुंगी. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन असल्या जुन्या ॲलर्जीच्या औषधांनी पेंग येते हे सगळ्यांना माहीत असतं पण ती किती वेळ राहते हे माहीत नसतं. रात्री घेतली म्हणजे सकाळपर्यंत उतरली असं नाही, दुसऱ्या दिवशी पण डोकं मंद राहतं आणि आपल्याला वाटतं मी तर जागा आहे. जागं असणं आणि हात वेळेवर हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी माझ्या बाजूच्या मशीनवर बघितलंय, सुदैवाने थोडक्यात निभावलं. गाडी चालवायची असेल, उंचीवर काम असेल, मशीन असेल तर ती गोळी नको. लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन असली नवीन औषधं मिळतात त्यांनी गुंगी खूप कमी येते, सेटिरिझिन पण जुन्यांपेक्षा बरं पण काही जणांना त्यानेही येते, म्हणून पहिल्यांदा घेताना सुट्टीच्या आदल्या रात्री घेऊन बघा. वरून दारू असेल तर विषयच संपला, दोन्हीची गुंगी एकमेकांत मिसळते. झोपेची किंवा चिंतेची गोळी चालू असेल तर तेच.

वयस्कर माणसांना तर ही जुनी औषधं देऊच नयेत असं मला वाटतं. माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा त्रास, त्यांनी शेजाऱ्याने दिलेली सर्दीची गोळी घेतली आणि रात्री लघवीच बंद झाली, नळी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले की नाक सुकवणारी गोळी फक्त नाक सुकवत नाही, मूत्राशय ढिलं पडतं, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, काही म्हातारी माणसं चक्क भ्रमिष्टासारखी बोलायला लागतात, तोल जाऊन पडतात. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातलं प्रेशर एकदम वाढू शकतं. शेवंतीताई तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत हे पण लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट तो नाकातला स्प्रे. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन लिहिलं असेल तर तो जादूसारखा काम करतो आणि तिथेच माणूस अडकतो. ३ दिवस, फार तर ५, त्याच्या पुढे नाही. पुढे चालू ठेवला तर नाकाला त्याची इतकी सवय होते की असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा स्प्रे, मग पुन्हा चोंदणं. सर्दी कधीच गेलेली असते आणि माणूस महिनोनमहिने खिशात बाटली घेऊन फिरतो. आमच्या पाळीत असे आहेत. त्यातून बाहेर पडता येतं, डॉक्टर स्टेरॉइडचा स्प्रे देऊन आधीचा बंद करवतात, थोडे दिवस त्रास होतो पण नाक परत ताळ्यावर येतं. मिठाच्या पाण्याच्या स्प्रेला मात्र ही भानगड नाही, तो कितीही दिवस चालतो. आणि मोठ्यांचा स्प्रे लहान मुलाच्या नाकात मारू नका, त्यांच्या हाती लागू पण देऊ नका, तोंडात गेला तर फार गंभीर होतं.

---

निळी_छत्री

मध्येच विचारतो, माफ करा. मला पण कोरडा खोकला आहे आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं सिरप घरात आहे. मी डिप्रेशनसाठी रोज एस्सिटालोप्राम घेतो. चालेल का? हे दुकानात चारचौघांत विचारायला संकोच वाटतो म्हणून इथे विचारतोय.

---

मात्रा_नीट

निळी_छत्री, विचारलंत ते अगदी योग्य केलंत आणि यात संकोच वाटण्यासारखं खरंच काही नाही, आमच्यासाठी ती बीपीच्या गोळीसारखीच एक गोळी आहे. तरी वाटत असेल तर काउंटरवर नुसतं "जरा बाजूला बोलायचंय" म्हणा, किंवा स्ट्रिपचा फोटो पुढे करा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, स्वतःच्या मनाने घेऊ नका. डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूतलं सिरोटोनिन नावाचं रसायन वाढवतं आणि तुमची गोळी पण तेच करते, दोन्ही मिळून ते प्रमाणाबाहेर गेलं तर सिरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो. दरदरून घाम, अस्वस्थपणा, हातपाय थरथरणं, स्नायू उडणं, ठोके वाढणं, ताप, असं दिसलं तर लगेच हॉस्पिटल. सगळ्यांना होतं असं नाही, पण खोकला काही असा आजार नाही की त्यासाठी ही जोखीम घ्यावी. सरट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही तुमच्याच गोळीच्या गटातली औषधं घेणाऱ्यांना हेच लागू, त्यातल्या शेवटच्या दोघांमुळे तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन शरीरातून बाहेर पडायलाच वेळ लागतो. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तरी तेच. आणि एमएओआय गटातली जुनी डिप्रेशनची औषधं असतील तर ती बंद केल्यावरही १४ दिवस हे सिरप चालत नाही. सिरपसाठी तुमची डिप्रेशनची गोळी एक दिवस पण थांबवू नका हं, ते उलट वाईट. मध, कोमट पाणी, चघळायच्या गोळ्या यावर भागतंय का बघा, नाहीच भागलं तर डॉक्टरांना फोन.

शेवंतीताई, तुमच्या सिरपवर पण काय लिहिलंय ते बघा. कोरड्या ढासेचं औषध वेगळं आणि कफ सुटण्याचं वेगळं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याची उबळ दाबतं. ॲम्ब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन ही कफ पातळ करायची औषधं आहेत. छातीत कफ भरलेला असताना खोकला दाबायचा नसतो, तो कफ बाहेर पडायलाच हवा. काही सिरपमध्ये दाबणारं आणि सोडवणारं दोन्ही एकत्र असतं, मला ते कधीच पटलेलं नाही, मी कुणी विचारलं तर नको म्हणते. दम्याच्या माणसाने तर खोकला दाबत बसू नये, त्याचा खोकला म्हणजे दमा बळावल्याची खूण असू शकते.

आणि कोडीनवालं (कोडीन म्हणजे अफूच्या गटातलं खोकला दाबणारं औषध) जुनं सिरप कुणाच्या घरात शिल्लक असेल तर ते दुसऱ्याला देऊ नका. १२ वर्षांखालच्या मुलांना ते घातक आहे, काहींच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार पटकन बनतं आणि श्वास मंदावतो.

---

वॉर्ड_आठ

नर्स आहे, ड्युटीवर निघतेय, त्यामुळे थोडक्यात. कधी थांबायचं आणि कधी निघायचं एवढंच सांगते, कारण इथे सगळे औषधांचं बोलतायत आणि ते राहून जातंय.

साधी सर्दी ७ ते १० दिवस चालतेच, औषध घ्या नका घेऊ. खोकला मागे ३ आठवडे रेंगाळू शकतो. शेंबूड पिवळा हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागणार असं नाही, व्हायरसच्या सर्दीतही रंग बदलतो. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कृपा करून काढू नका, व्हायरसवर त्यांचा काडीचा उपयोग नाही.

पण दम लागतोय, छातीत दुखतंय, खोकल्यातून रक्त, ताप ३ दिवसांत हलत नाहीये किंवा जाऊन परत चढलाय, मान अवघडलीय, माणूस गोंधळल्यासारखं बोलतोय, तर औषध बदलत बसू नका, दाखवा. मुलांमध्ये श्वास भराभर चालणं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, ओठ निळसर होणं, दूध पाणी न पिणं, सुस्त पडून राहणं, यातलं काहीही दिसलं की रात्र असली तरी निघायचं. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी काहीही करायचं नाही, सरळ डॉक्टर. गरोदर बाईने सर्दीची एकत्र गोळी आपल्या मनाने घेऊ नये, आणि २० आठवड्यांनंतर आयब्युप्रोफेन तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच.

अजून एक, औषध कधी दिलं ते कागदावर लिहा. दिवसा आई देते, संध्याकाळी बाबा देतात, रात्री आजी देते आणि तिघांनी मिळून एकाच मुलाला दुप्पट दिलेलं असतं. फ्रीजवर एक कागद चिकटवा, औषधाचं नाव, किती दिलं, किती वाजता, बास.

---

शेवंती०७

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच थँक्यू. सगळं काढून बघितलं. पावडरमध्ये पण पॅरासिटामॉल निघालं. मुलाची बाटली ड्रॉप्सची आहे, १ मिलीत १०० लिहिलंय, म्हणजे मी सिरपच्या हिशोबाने दिलं असतं तर काय झालं असतं विचारच करवत नाही. आता त्याचं वजन करून डॉक्टरांना फोनवर विचारून मगच देणार. मी फक्त पॅरासिटामॉल आणि मिठाचं पाणी, कफचं सिरप बंद कारण ते कफ सुटायचं निघालं आणि मला कफ नाहीच. कागद पण लावला.

एक शेवटचं विचारते. सासूबाईंच्या स्ट्रिप्स बघताना लक्षात आलं की त्यांना कोरडा खोकला या सर्दीच्या आधीपासूनच आहे, बरेच महिने, घशात सारखी खवखव आणि कोरडं खोकत राहतात, किती सिरपं झाली, फरक नाही. बीपीची गोळी रामिप्रिल आहे. याचा काही संबंध असू शकतो का?

---

मात्रा_नीट

ताई, नक्कीच असू शकतो, बरं झालं विचारलंत. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल हा सगळा एकच गट आहे आणि कोरडा गुदगुल्या झाल्यासारखा खोकला हा त्यांचा ओळखीचा साइड इफेक्ट आहे. या गोळ्या ज्या एन्झाइमला अडवतात तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडत असतं, तो मोडला गेला नाही की साठतो आणि श्वासनलिकेला खाज आल्यासारखं होतं. गोळी सुरू केल्यावर लगेच होईल असं नाही, काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी सुरू होतो, त्यामुळे कुणाच्या डोक्यात गोळीचा संशय येत नाही आणि माणूस सिरपांमागून सिरपं पीत राहतो. कुठलंच खोकल्याचं सिरप यावर चालत नाही.

पण गोळी तुम्ही बंद करू नका, एक दिवस सुद्धा नाही. त्यांच्या डॉक्टरांना एवढंच सांगा की रामिप्रिल चालू आहे आणि कोरडा खोकला अमुक काळापासून आहे. त्यांना संबंध वाटला तर ते टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा दुसऱ्या गटातली गोळी देऊ शकतात, त्या गटात हा खोकला फारच कमी होतो. इतके महिने खोकला आहे म्हटल्यावर ते छाती तपासून बाकीची कारणं पण बघतील, ते बघू द्या, एक्स-रे सांगितला तर काढा. आणि एक महत्त्वाचं, या गोळ्या घेणाऱ्या कुणाचे ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर ते क्वचित होतं पण फार गंभीर असतं, तेव्हा फोन वगैरे करत न बसता लगेच इमर्जन्सीला न्यायचं.

गोळी बदलली तरी खोकला दुसऱ्या दिवशी थांबत नाही, साधारण महिनाभर लागतो, काहींना तीन महिने पण लागलेत. तोवर त्यांना उगाच नवीन सिरप सुरू करू नका.